केक वाटून झाला, आता जेवायला जा

डिसेंबर लागला की नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबाग, खलाशी लाइन हा सगळा पट्टा स्टार आणि लायटिंगनं भरून जातो, कॅरलवाले पोट्टे गिटार घेऊन रात्री उशिरापर्यंत फिरतात आणि पंचवीस तारखेला दुपारी घराघरातून ताटं निघतात. वर क्रोशाचा रुमाल, खाली केकचे दोन-चार तुकडे, करंज्या, शंकरपाळे, चिवडा. शेजारच्या काकूंकडे, वरच्या मजल्यावर, समोरच्या किराणावाल्याकडे. मला हे आवडतं, लहानपणी ताटं पोचवायचं काम माझ्याकडेच असायचं. पण मग जानेवारीत कुठल्यातरी स्नेहमेळाव्यात कोणीतरी माइकवर येऊन म्हणतं की बघा, ख्रिस्ती आतिथ्यामुळं समाजातले गैरसमज कसे दूर होतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तिथं माझं डोकं सटकतं. कारण होत नाहीत दूर. केक खाऊन कोणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या देशात पूर्वग्रह खाऊ घातल्यानं मोडत नाही, दुसऱ्याच्या हातचं खाल्ल्यानं मोडतो. आणि आम्ही ख्रिस्ती लोक पहिलं काम फार हौसेनं करतो, दुसरं टाळतो.

जरा विचार करा, आपल्याकडची शिवाशिव चालायची कशी. वरच्यानं खालच्याला दिलेलं कधीच कोणाला खटकलं नाही. सण झाला की उरलंसुरलं वाढायची पद्धत तर पिढ्यान्‌पिढ्या होतीच आणि देणाऱ्याला वर पुण्यही मिळायचं. अडायचं ते उलट्या दिशेनं. तुझ्या घरचं पाणी मी पिणार नाही, तुझ्या चुलीवरचं मला चालणार नाही. म्हणजे सगळी उतरंड घ्यायचं कोणाकडून यावर उभी होती, देण्यावर नाही. आजही फार वेगळं नाहीये. आमच्या ताटातल्या केकबद्दल पहिला प्रश्न येतो, अंडं आहे का? ठीक आहे, शाकाहारी माणसानं विचारणं साहजिक आहे, आता बऱ्याच घरी त्यासाठी वेगळा बिनअंड्याचा केक करतात. पण तो बिनअंड्याचा केकसुद्धा कितीदा दार लागलं की कामवालीच्या पिशवीत जातो. ओळखीच्या एका ताईंनी मला हे तोंडावर सांगितलं, राग नको मानू हं, सासूबाईंना तुमच्या घरचं चालत नाही, पण टाकत नाही आम्ही, तिला देतो. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, निदान कोणीतरी खरं बोललं. आणि त्याच ताईंच्या सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन मिशनच्या दवाखान्यात झालेलं होतं आणि नातवंडं कॉन्व्हेंटमध्ये! म्हणजे सेवा चालते, शिक्षण चालतं, हातचं पाणी चालत नाही.

आता येशूनं काय केलं ते बघा, कारण नाव त्याचं घेतो तर पद्धत पण त्याचीच असायला हवी ना. योहानाच्या शुभवर्तमानात चौथा अध्याय. भर दुपारची वेळ, विहीर, दमलेला माणूस एकटा बसलाय, शिष्य गावात खायला आणायला गेलेत. शोमरोनी बाई पाण्याला येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, हे तिथं स्पष्टच लिहिलंय. तो तिला प्रवचन देत सुरुवात करत नाही, तिची विचारपूस पण करत नाही, सरळ म्हणतो, मला प्यायला दे. आणि ती उडतेच, की तू यहूदी असून माझ्याकडं पाणी कसं मागतोस? हा प्रश्न विदर्भातल्या कुठल्याही जुन्या पाणवठ्यावर जसाच्या तसा विचारला गेला असता. पुढं जिवंत पाण्याबद्दल जे बोलणं होतं त्यावर आपल्याकडं चर्चमध्ये शेकडो संदेश, म्हणजे प्रवचनं, झालीत, पण गोष्टीची सुरुवात मागण्यापासून आहे आणि शेवटी त्या शोमरोनी गावाच्या आग्रहावरून तो तिथं दोन दिवस राहतो, यावर कोणी फारसं बोलत नाही. दोन दिवस म्हणजे त्यांच्याच घरचं जेवण, त्यांचंच अंथरूण.

तेच जक्कयाचं. गावानं ओवाळून टाकलेला जकातदार, झाडावर चढून बसलेला, आणि येशू त्याला म्हणतो खाली उतर, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. बोलावणं नाही, काही नाही, स्वतःच पाहुणा म्हणून जाऊन धडकला. लोक कुरकुरले ते याच्यावरच, की पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. आणि लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, शिष्यांना गावोगाव पाठवताना काय सांगितलंय? पिशवी घेऊ नका, झोळी नको, जोडे नको, ज्या घरात जाल तिथं राहा आणि तुमच्यापुढं वाढतील ते खा. म्हणजे सुवार्ता सांगायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं, लोकांच्या चुलीवर अवलंबून. आपण ते उलटं करून टाकलं, आपण भरलेली गोणी घेऊन निघालो.

नागपुरात तर हे जास्तच खरं आहे. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात इथं आले, शाळा काढली, पुढं १८८३ ला त्यांच्या नावानं कॉलेज झालं जे आजही आहे. सीताबर्डीचं मुरे मेमोरियल हॉस्पिटल, सदरच्या कॉन्व्हेंट शाळा, या शहराच्या किती पिढ्या यांच्यामुळं शिकल्या, जगल्या, याचा हिशोब कोणी करू नये. मी त्या कामाला कमी लेखत नाही, माझं स्वतःचं घर त्यावरच उभं राहिलं. पण या सगळ्यात यजमान कायम मिशन होतं आणि बाकीचं गाव कायम घेणारं. देणारा कितीही प्रेमळ असो, घेणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी तयार होतात, एक उपकाराची भावना आणि दुसरी शंका, की हा एवढं का देतोय.

आणि ती शंका याच शहरात सरकारी कागदावर पण आली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, सरकारनं १९५४ ला नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली आणि १९५६ ला तिचा अहवाल आला, त्यात मिशनच्या शाळा, दवाखाने, कर्ज, मदत यांचा वापर धर्मांतरासाठी होतो असा आरोप होता. त्या अहवालातलं बरंच मला पटत नाही आणि गरिबाला स्वतःची अक्कल नसते असं गृहीत धरणं तर अजिबातच पटत नाही. (गंमत म्हणजे त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इथंच डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दीक्षा घेणाऱ्यांमध्ये हेच नियोगी पण होते. नागपूर म्हणजे नागपूर.) पण एक गोष्ट आपण ऐकून घ्यायला पाहिजे होती, ती अशी की एकतर्फी दिलेलं कितीही चांगलं असलं तरी ते आमिष वाटू शकतं. त्यावर खुलासे छापून काही होत नाही. जो माणूस तुमच्या घरी जेवतो, तुमच्याकडून उसनं घेतो, तुमच्या आईच्या हातची भाकर मागून खातो, त्याच्यावर आमिषाचा आरोप चिकटत नाही, एवढं साधं आहे ते.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मला इथं सगळ्यात मोठं वाटतं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला आणि पुढं १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण लक्ष्मीबाईंचं काय? त्या नवऱ्याकडं परत आल्या तरी सोवळं घेऊनच आल्या, आपलं शिजवणं वेगळं, आपलं पाणी वेगळं, आणि टिळकांनी ते चालू दिलं. मग विचार करता करता एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की ही जात देवानं केलेली नाही, माणसानं केलीय, आणि त्यांनी दुसऱ्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्याच्यानंतर आला, १९०० मध्ये. स्मृतिचित्रे हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना हा क्रम नीट बघा, आधी पाणी, मग बाप्तिस्मा. टिळकांसारख्या कवीच्या घरात राहूनही, एवढी भजनं कानावर पडूनही, बदल झाला तो दुसऱ्याच्या हातचं घेतलं तेव्हा.

आणि हे फक्त ख्रिस्ती शहाणपण आहे असं पण नाही. पैठणला एकनाथ महाराज राण्या महाराच्या घरी जेवायला गेल्याची कथा आपण कीर्तनात ऐकत आलोय. नाथांनी त्याला नुसतं घरी बोलवून वाढलं असतं तर ती एवढी गाजली नसती. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना हेच शास्त्रीय भाषेत मांडलं, की दोन गटातल्या लोकांचा नुसता संपर्क येऊन भागत नाही, तो बरोबरीच्या नात्यानं यायला पाहिजे. दवाखान्याच्या लाइनीत बरोबरी नसते. स्टेजवर शाल-श्रीफळ देताना पण नसते, तिथं फक्त फोटो असतो.

आता आमच्या स्वतःच्या घरात येऊ, कारण लोकांच्या सासूबाईंवर बोलणं सोपं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १०.८ लाख, म्हणजे शंभरात एक पण पूर्ण नाही. एवढ्याशा समाजात कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे, मराठी वेगळे, तेलुगू-तमिळ वेगळे, मल्याळी तर त्यांच्या त्यांच्यातच, आणि नवीन प्रार्थना गटवाले या सगळ्यांनाच तारण न झालेले समजतात. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या, म्हणजे चर्च-संस्था, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं, देशाच्या ख्रिस्ती इतिहासातली मोठी घटना, आणि ती आपल्या गावात झाली याचा मला खरंच अभिमान आहे. पण सह्या करून पाळक एक झाले, पोरीच्या लग्नाचं निघालं की अजून विचारतात, मूळचे कोण तुम्ही? या "मूळचे" मध्ये सगळं येतं. आडनावावरून अंदाज लागला नाही तर आजोबांचं गाव विचारतात.

दुसरीकडं दिल्लीत आपण काय म्हणतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत, आणि २०२२ मध्ये यासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती मागणी उभीच या मुद्द्यावर आहे की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, चर्चमध्ये पण सुटत नाही. मग हेच लोक रविवारी वेदीवरून, आमच्यात जातपात नाही हो, असं कसं म्हणू शकतात? दोन्हीपैकी एक काहीतरी खरं असेल ना बाप्पा. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना बजावून सांगावं लागलं होतं की चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करा, कारण लोक उपासनेला बसायचे वेगवेगळे आणि प्रभुभोजनाला यायचे पण वेगवेगळे. त्याला दोनशे वर्षं होत आली.

यातला सगळ्यात किचकट भाग म्हणजे प्रसाद आणि फराळ. गेल्या काही वर्षांत काही मंडळ्यांमध्ये शिकवायला लागलेत की दिवाळीचा फराळ खाऊ नका, ईदचा शीरखुर्मा नको, गणपतीच्या पंगतीला तर अजिबात नको. पोरं शाळेतून येतात आणि मित्राच्या डब्यातली चकली खाल्ली तर पाप लागेल का असं विचारतात, आणि शेजारणीनं प्रेमानं दिलेला डबा न उघडताच कोणालातरी देऊन टाकतात. म्हणजे त्या सासूबाईंनी आमच्या केकचं केलं तेच! आणि यांना वाटतं आपण विश्वास टिकवला.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय, विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी कोणी तुम्हाला जेवायला बोलावलं आणि तुमची जायची इच्छा असली तर पुढं वाढलेलं सगळं खा, सद्‌सद्विवेकासाठी चौकशी करत बसू नका. एवढं स्पष्ट आहे. हां, पुढं तो असंही म्हणतो की कोणी तुम्हाला मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे तर मग खाऊ नका, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. हे मी लपवणार नाही, वचनात आहे ते आहे. त्यामुळं नैवेद्याचा प्रसाद म्हणून कोणी हातावर ठेवला आणि एखाद्याचं मन घेत नसेल तर त्यानं हात जोडून नम्रपणे नको म्हणावं, समोरच्याला समजतं, आपली माणसं एवढी कच्ची नाहीत. पण दिवाळीची करंजी प्रसाद नसते, ती शेजारधर्माची असते. महाप्रसादाच्या पंगतीबद्दल मतं वेगळी असू शकतात, मी स्वतः जातो आणि बसतो, ज्याला नाही जमत त्यानं निदान वाढायला उभं राहावं. ईदला मोमिनपुऱ्यात कोणी बोलावलं तर जावं. चौकशी न करता खायचं हा नियम आहे आणि न खायचा अपवाद आपण नियम करून टाकलाय.

पेत्राची गोष्ट तर आपण विसरूनच गेलोय. तो अंत्युखिया शहरात गैरयहूदी लोकांबरोबर जेवत होता, मग यरुशलेमकडची सोवळी माणसं आली आणि त्यांना भिऊन हा पंगतीतून मागं सरला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर झापलं, गलतीकरांच्या पत्रात आहे. एवढा मोठा प्रेषित, आणि भांडण झालं कशावरून, तर जेवायला कोणासोबत बसायचं यावरून. पौलाच्या लेखी तो शिष्टाचाराचा नाही, सुवार्तेचाच प्रश्न होता.

आता एक आक्षेप, आणि नागपुरात बसून तो टाळता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की सहभोजनानं जात मरत नाही, अनुभव तसा नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि ज्या शास्त्रांवर जात उभी आहे त्यांचा पाया काढणं. बरोबर आहे. वर्षातून एकदा पेपरात फोटो येण्यासाठी झोपडीत जाऊन जेवणारे पुढारी आपण सगळ्यांनीच पाहिलेत, बऱ्याचदा जेवणही बाहेरून मागवलेलं असतं. आणि चहा-पाण्यानं कायद्याची जागा भरून निघत नाही. घर भाड्यानं घ्यायला जा म्हणजे कळेल. फोनवर फ्लॅट असतो, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग नाव सांगितलं की मालक विचारतो, म्हणजे तुम्ही कोणत्यात? आणि ख्रिस्ती म्हटलं, किंवा मुसलमान म्हटलं, किंवा आडनावावरून बौद्ध असल्याचं कळलं, की संध्याकाळी ब्रोकरचा मेसेज, सर वो फ्लॅट तो निकल गया. तो महिनाभर "टू-लेट"ची पाटी घेऊन तसाच उभा असतो. घटनेचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यात असा भेदभाव करू देत नाही, पण खाजगी मालकाच्या फ्लॅटपर्यंत ते सरळ पोचत नाही, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम चालवून घेतला. त्यामुळं कायदा बदलायची लढाई वेगळी लढावीच लागेल, तिथं करंज्यांचा उपयोग नाही.

पण बाबासाहेब म्हणतात तसं लग्न व्हायला सुद्धा आधी घरात ये-जा लागते की नाही? पोरं-पोरी कॉलेजात भेटतातच, अडतं ते आई-बाप एकमेकांच्या घरी कधी बसलेलेच नसतात म्हणून. फोटोवालं सहभोजन मरतं कारण ते एकदाच होतं आणि परत कोणी कोणाकडं जात नाही. मी ज्याबद्दल बोलतोय ते नेहमीचं, कंटाळवाणं, आज तुमच्याकडं वरण-भात, पुढच्या रविवारी आमच्याकडं असं. आणि त्यात एक गोष्ट पुरुषांनी लक्षात ठेवावी, आतिथ्यावर संदेश आपण देतो आणि पोळ्या बायका लाटतात. तेव्हा जाताना चार जणांचं जाणार सांगून नऊ जण जाऊ नका आणि जेवण झालं की ताटं उचला.

तर माझी सूचना आहे चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांना, वार्षिक बजेटमध्ये नाताळ स्नेहमेळाव्याचा मंडप, माइक, शाली, बुके याचे पैसे दिसतात, ते एका वर्षासाठी काढून टाका. त्याच्या बदल्यात प्रत्येक घरानं वर्षभरात तीन-चार घरी जेवून यायचं, आपल्या धर्मातली नको, आणि शक्यतो जिथं जायला आपल्याच मनाला जड जातं तिथं. ज्यांच्याबद्दल घरात हळू आवाजात बोलतो ना, तिथं. काही जण म्हणतील आम्हाला कोणी बोलावतच नाही. मग मागा! नागपुरात तर हे सगळ्यात सोपं आहे, काकू बऱ्याच दिवसात तुमच्या हातचा वडा-भात नाही खाल्ला म्हटलं की इथली कुठली काकू नाही म्हणते? जक्कयाला तरी कुठं आमंत्रण द्यायचं सुचलं होतं.

काही घरी नाही म्हणतील, ते पण धरून चला. येशूला सुद्धा एका शोमरोनी गावानं उतरू दिलं नव्हतं, लूक ९ मध्ये आहे. याकोब आणि योहान हे शिष्य एवढे तापले की म्हणाले आकाशातून आग पाडून गाव जाळायला सांगू का, आणि तो त्यांच्यावरच रागावला, मग सगळे दुसऱ्या गावाला गेले. आपल्याला तर दुसऱ्या गावाला जायची पण गरज नाही, शेजारी तिथंच राहणार आहेत, दोन महिन्यांनी परत विचारायचं.